सुदान एका वाक्यात उरकू नका

युद्धात सामान्य माणसांचे होणारे हाल तुम्ही तुमच्या लेखात पोटतिडकीने मांडलेत, पण गाझा आणि युक्रेननंतर सुदानला जेमतेम एक वाक्य मिळालं, ते मनाला लागलं. तिथे १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांच्या जिवावर उठलेत. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून गेली.

सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फूरमधलं अल फाशर शहर जवळजवळ दीड वर्ष आरएसएफच्या वेढ्यात होतं. धान्य संपल्यावर लोक 'अंबाझ' खाऊ लागले. अंबाझ म्हणजे भुईमुगाचं तेल गाळल्यावर उरते ती पेंड. आमच्याकडे ती म्हशीसाठी घमेल्यात भिजत घालायचे, तो वास अजून नाकात आहे. तीच पेंड आईने कालवून लेकरापुढे ठेवायची, हे वाचलं त्या रात्री मला घास उतरला नाही. पुढे तर तीही मिळेनाशी झाली.

जून २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने 'वेढा उठवा' असा ठराव केला, कोणी जागचं हललं नाही. नोव्हेंबरमध्ये युद्धबंदीचा ठराव आला, तो रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिराती नाकारते, पण सुदानचं सोनं दुबईत पोचतच राहिलं. २६ ऑक्टोबर २०२५ ला अल फाशर आरएसएफच्या हाती पडलं. प्रसूती रुग्णालयातले रुग्णही मारले गेले. उपग्रहाची छायाचित्रं सगळ्या मोठ्या देशांसमोर होती हो!

तिथून जीव वाचवून पायी तवीला या गावाला पोचलेल्यांबद्दल कृपया सविस्तर लिहा.