दंड कमी करून घ्यायचाय? आधी बँक व्हा

फ्लोरिडातल्या तुमच्या घराच्या दारावर महापालिकेची नोटीस लागली असेल आणि त्या घरात तुम्ही स्वतः राहत असाल, तर पुढचं वाचू नका. जा, गवत कापा, कापणाऱ्याची पावती जपून ठेवा. हा लेख वेगळ्या मंडळींसाठी आहे. ज्यांच्या नावावर कर्ज थकल्यामुळे जप्त झालेली दोन-चारशे घरं आहेत आणि त्यातलं एकही ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, अशांसाठी. तुम्ही त्यांच्यातले नसाल, तर तसं व्हायला काय लागतं तेही ओघात येईलच.

आधी कायदा. फ्लोरिडाच्या कायद्यातलं १६२ वं प्रकरण शहरांना दिवसागणिक दंड लावायची मुभा देतं. पहिल्या खेपेला दिवसाला २५० डॉलरपर्यंत, तीच आगळीक पुन्हा केली तर ५०० पर्यंत. वस्ती ५० हजार किंवा त्याहून जास्त असलेल्या शहराने तसा ठराव केला, तर हेच आकडे १,००० आणि ५,००० वर जातात. गवत कापलं जाईपर्यंत, कुंपण उभं राहीपर्यंत मीटर चालू. दंड भरला नाही की मिळकतीवर बोजा चढतो, आणि नुसता त्याच मिळकतीवर नाही, मालकाच्या इतर मालमत्तेवरही.

घाबरलात? म्हणजे तुम्ही अजून माणूसच आहात.

माणसांचं काय होतं ते बघा. डनेडिन नावाच्या गावात एक सेवानिवृत्त गृहस्थ राहत. २०१८ साली आई गेल्यावर तिचं घरदार निस्तरायला ते साउथ कॅरोलायनात गेले. मागे गवत कापायला सांगितलेला माणूस वारला. गवत दहा इंचांच्या वर गेलं आणि दिवसाला ५०० डॉलरने दंड चढत चढत ३० हजारांच्या घरात पोचला. पुढच्या वर्षी गावाने त्यांचं घरच जप्तीत काढायची परवानगी आपल्या वकिलाला दिली. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, तर २०२१ साली कोर्टाने सांगितलं की हा दंड अवाजवी म्हणता येत नाही. लँटाना गावच्या एका बाईंची गोष्ट त्याहून रंगतदार. त्यांच्या घरी गाड्या चार. एखादीचं चाक ड्राइव्हवेवरून उतरून लॉनवर जाई. लॉन त्यांचंच. दिवसाला २५० प्रमाणे ४०७ दिवसांचे झाले १,०१,७५० डॉलर. ड्राइव्हवेला गेलेल्या भेगा आणि वादळाने पाडलेलं कुंपण यांचा हिशेब निराळा, सगळे मिळून १ लाख ६५ हजारांच्या वर.

चुकलं कुठे? दोघांनी घर स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि त्या नावाचा हाडामांसाचा माणूस खरोखर अस्तित्वात होता. ही चूक तुम्ही करायची नाही.

तुमचं काम सुरू होतं ते घर तुमचं होण्याच्या बरंच आधी. कर्जदाराचे हप्ते थकले की कोर्टात दावा लावा. फ्लोरिडात जप्ती कोर्टातूनच होते, त्यामुळे वेळेची ददात नाही. दाव्याचा कागद हातात पडल्यावर कर्जदार बहुधा सामान गाडीत भरून निघून जातो. आता घर रिकामं, पण सरकारदरबारी मालक अजून तोच. तुम्ही फक्त तारणदार. लिलावाची तारीख घ्या, जवळ आली की पुढे ढकला. पुन्हा घ्या, पुन्हा ढकला. या अवस्थेतल्या घरांना तिकडे झोंबी म्हणतात. महापालिकेची नोटीस मालकाच्या नावे रजिस्टर्ड टपालाने निघते आणि न उघडता परत येते. मग कायद्याप्रमाणे ती दोन ठिकाणी लावली जाते: एक त्या रिकाम्या घरावर, दुसरी महापालिकेच्या कार्यालयात. म्हणजे वाचायला पाली आणि शिपाई. सोडून गेलेला मालक दुसऱ्या राज्यात भाड्याच्या खोलीत समजून चाललेला असतो की घर बँकेने कधीच घेतलं. त्याचा गैरसमज तुम्ही दूर करू नका, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

या काळात चढलेल्या दंडाची काळजीही नको. पाम बे शहराने हुशारी करून ठराव केला होता की आमचा बोजा बँकेच्या गहाणखताच्याही आधी धरायचा. वेल्स फार्गो बँकेविरुद्धचं ते प्रकरण फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ साली निकाल लागला, की नाही, आधी नोंदवलेलं गहाणखत आधीच. शहराने रांगेत मागे उभं राहावं. जप्ती रीतसर पूर्ण झाली की मागचे बोजे पुसले जातात आणि स्वच्छ कागद तुमच्या हातात येतो. शेजाऱ्यांनी तीन पावसाळे गुडघाभर गवतातले साप मोजले त्याचं काय, असा प्रश्न त्या निकालपत्राच्या कक्षेत येत नव्हता.

आता घर तुमच्या नावावर होणार. पण कुठल्या नावावर? इथे कल्पकता लागते. ‘अमुक बँक, विश्वस्त या नात्याने, तमुक गृहकर्ज-रोख्यांच्या २००६ च्या मालिकेकरिता’ असं दोन ओळी भरतील एवढं नाव ठेवा. (अनेकांची गृहकर्जं एका गाठोड्यात बांधून त्यावर विकलेले रोखे म्हणजे एक मालिका.) घराची देखभाल सर्व्हिसरकडे, म्हणजे हप्ते वसूल करून कर्जाचा कारभार बघणाऱ्या तिसऱ्याच कंपनीकडे, तिने ती चौथीकडे दिलेली, आणि गवत कापायचं कंत्राट पाचवीकडे. शहराचा इन्स्पेक्टर फोन करत करत पाचवीपर्यंत पोचेल तोवर पहिलीने सर्व्हिसर बदललेला असेल. गंमत वाटते? लॉस एंजेलिस शहराने २०११ साली डॉइश बँकेवर दावा लावला, की तुमच्या ताब्यातली शेकडो घरं उकिरडे झाली आहेत. बँकेचं उत्तर तयार होतं: तुम्ही चुकीचं दार ठोठावताय, आम्ही नुसते विश्वस्त, देखभाल सर्व्हिसरची. २०१३ साली १ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही बँकेने आपल्या खिशात हात न घालता.

क्लीव्हलँडचं उदाहरण तर पाठच करा. त्या शहरात २००८ पर्यंत गल्लीच्या गल्ल्या ओस पडल्या होत्या. शहराने एकवीस वित्तसंस्थांना कोर्टात खेचलं, की तुमच्या बेफाम कर्जवाटपातून हा सार्वजनिक उपद्रव झाला. २०१० मध्ये अपिलातही शहर हरलं. कर्ज देणं आणि ओस घरात आग लागणं यांच्यात अंतर फार पडतं, असं ठरलं. घराची निगा मालकाने राखायची, आग लावणाऱ्याने आग लावली, बँकेने काय केलं? बँकेने फक्त कर्ज दिलं, मग मालकाला काढलं. अधलंमधलं सगळं इतरांनी केलं.

तरी काही शहरं खोडसाळ असतात. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टाने २००७ साली नियम काढला, की हप्ते थकलेलं घर रिकामं दिसलं तर कर्ज देणाऱ्याने त्याची नोंदणी करायची आणि निगाही राखायची. देशभरच्या शहरांनी हा कित्ता गिरवला. २००८ साली त्या राज्याने जप्त घराची हेळसांड करणाऱ्याला दिवसाला १,००० डॉलरपर्यंत दंडही ठेवला. अशा ठिकाणी नोंदणी अवश्य करा. संपर्काच्या रकान्यात मागच्या सर्व्हिसरचा टोल-फ्री नंबर घाला. तिथलं संगीत ऐकण्यासारखं असतं.

घराच्या देखणेपणाकडेही थोडं बघावं. अंगणातलं गवत वाळून कोळ झालं असेल तर पाणी घालत बसू नका, हिरवा रंग मारा. ही माझी अतिशयोक्ती नाही. मंदीच्या दिवसांत कॅलिफोर्नियात ओस घरांची लॉनं खरोखर रंगवली गेली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ती शेजारच्या खऱ्या लॉनपेक्षा तुकतुकीत दिसत. खिडक्यांना प्लायवूड ठोकलं की घर ओस आहे हे गावभर कळतं, म्हणून फॅनी मे या गृहकर्ज-महामंडळाने २०१६ पासून पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या तावदानांचा खर्च द्यायला सुरुवात केली. आरपार दिसलं की घर नांदतं वाटतं. आत काय दिसतं हा वेगळा भाग.

राहिला पोहण्याचा तलाव. पंप बंद, पाणी हिरवं, वर डासांचे थवे. बेकर्सफील्ड ज्या कर्न काउंटीत आहे, तिथे २००७ च्या उन्हाळ्यात वेस्ट नाइल तापाचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले, आणि अभ्यासकांनी त्याचा धागा हप्ते थकलेल्या घरांमागच्या या तलावांशी जोडला. मग सरकारी कर्मचारी डासांच्या अळ्या खाणारे गॅम्ब्युझिया मासे त्यात सोडत हिंडले. आपल्याकडे मलेरिया विभागाची माणसं टाक्यांमधून गप्पी मासे सोडतात, तोच हा प्रकार, फक्त टाकीऐवजी निळ्या टाइल्सचा स्विमिंग पूल. सुनावणीत या माशांचा उल्लेख ‘मिळकतीत केलेल्या सुधारणा’ या सदराखाली करायला हरकत नाही.

सुनावणी म्हणजे मुख्य कार्यक्रम. एव्हाना दंड घराच्या किमतीला मागे टाकून पुढे गेला असेल. जाऊ दे. तो आकडा भरण्यासाठी नसतो, कमी करण्यासाठी असतो. चढलेला दंड कमी करायचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. आपल्याकडच्या अभय योजनांची ज्यांना सवय आहे त्यांना हे शिकवायला नको. मालमत्ता कर वेळच्या वेळी भरणारा रांगेत उभा राहून पूर्ण भरतो, आणि थकवणाऱ्याच्या शास्तीत सवलत देणारी जाहिरात मार्चच्या तोंडावर पेपरात येते. तिकडे जाहिरात येत नाही, अर्ज करावा लागतो, एवढाच फरक.

अर्जाच्या आधी मात्र गवत कापा. नाइलाज आहे. नियमभंग दूर झाला असं शहराने लिहून दिल्याशिवाय बहुतेक ठिकाणी सवलतीचा विषयच निघत नाही. एक माणूस, एक मशीन, एक दुपार. हेच काम पहिल्या दिवशी केलं असतं तर दंड लागलाच नसता, असं तुमच्यातलं कुणी म्हणालं तर त्याला हिशेब विभागात बदली द्या.

दंड ठरवताना तीन गोष्टी बघाव्यात असं कायदा म्हणतो: नियमभंग किती गंभीर, तो दूर करायला काय केलं, आणि पूर्वी असं घडलं होतं का. सवलतीच्या वेळीही हीच तीन गाणी ऐकवायची. गंभीर? छे, गवत ते. तलावाचा विषय कुणी काढला तर मासे पुढे करा. दूर करायला काय केलं? कालचा फोटो दाखवा आणि ‘मिळकत आमच्या लक्षात येताच तातडीने’ हे शब्द वापरा. लक्षात कधी आलं ते तुमच्याखेरीज कोण सांगणार? पूर्वीचा इतिहास? इथे त्या दोन ओळींच्या नावाचं चीज होतं. २००६ च्या मालिकेचा विश्वस्त आणि २००७ च्या मालिकेचा विश्वस्त एकच बँक असली तरी कागदावर मालक दोन. प्रत्येक घरासमोर तुम्ही नव्याने जन्मलेले आणि निष्पाप.

तुम्ही बँक नसून लिलावात घरं उचलणारे छोटे गुंतवणूकदार असाल, टॅम्पा-ओरलँडोकडे आपली मंडळीही आहेत या धंद्यात, तर तुम्हालाही वाट बंद नाही. घरागणिक एक एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढा. फ्लोरिडात तिची नोंदणी १२५ डॉलरमध्ये होते, म्हणजे मोठ्या शहरातल्या एका दिवसाच्या दंडाच्या आठव्या हिश्श्यात. एका घराचा बोजा दुसऱ्यावर चढण्याची भीती गेली.

सुनावणीला स्वतः जाऊ नका. रोजची ऊठबस असलेला स्थानिक वकील पाठवा. तो सुनावणी घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटला सांगेल की ग्राहक तयार आहे, तरुण जोडपं आहे, पण बोजा असताना टायटल कंपनी, म्हणजे मालकीचे कागद तपासून त्यांची हमी घेणारी कंपनी, विमा देत नाही. सवलत मिळाली नाही तर व्यवहार मोडेल आणि घर पुन्हा ओस. हा युक्तिवाद म्हणजे आम्ही पाच वर्षं जे केलं ते आणखी पाच वर्षं करू, असं सभ्य भाषेत सांगणं आहे. शहराला ते बरोबर कळतं. त्यालाही घर नांदतं हवंय, कर हवाय. लाखाचे हजार होतात ते इथे.

शेजारी आलाच आणि बोलायला उभा राहिला, तर ऐकून घ्या. २०२१ पासून फ्लोरिडात निनावी तक्रारीवर एरवी चौकशी सुरू करता येत नाही. तक्रारदाराला नाव आणि पत्ता द्यावा लागतो. म्हणजे इतकी वर्षं गवत, उंदीर आणि डास सोसून तक्रार करणाऱ्याचं नाव-गाव फाइलवर आहे. तुमचं नाव मात्र अजूनही त्या दोन ओळींत कुठेतरी आहे.

कमी झालेली रक्कम दिलेल्या मुदतीत भरा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी मूळ आकडा परत जिवंत होतो. आणि ती खिशातून भरायची गरज नाही. घराची किंमत तेवढी वाढवून सांगा. व्यवहाराच्या दिवशी जोडप्याच्या कर्जाची रक्कम जमा झाली की टायटल कंपनी त्यातून शहराची बाकी परस्पर चुकती करते आणि उरलेली तुम्हाला पाठवते. ते कर्जही तुम्हीच दिलेलं असलं तर उत्तम. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू.