‘बंदुकीचं वाटोळं केलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझी जुनी डायना २७ ही स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल (छर्ऱ्याची बंदूक) मी कशी दुरुस्त केली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिली आहे, पण तो राग जुन्या वस्तूच्या ओढीतून आलेला आहे हे कळतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचे आक्षेप तीन आहेत. सिलिंडरवरचा (स्प्रिंग आणि पिस्टन ज्यात असतात त्या नळीवरचा) डायना देवीचा, म्हणजे कंपनीच्या खुणेचा, छाप मी घासून घालवला, मूळची स्प्रिंग काढून बंदुकीचं वाटोळं केलं आणि लाकडी दस्ता पॉलिश पेपरने घासून त्याचं वयच पुसून टाकलं. पहिले दोन मला मान्य नाहीत. तिसरा मान्य आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

आधी छाप. या बंदुकीवर देवी कधी नव्हतीच. बंदूक डायना २७ च आहे, पण सिलिंडरवर अक्षरं आहेत ‘ओरिजिनल मॉडेल २७’. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या रास्टाटच्या डायना कारखान्याची यंत्रसामग्री ब्रिटनमध्ये गेली आणि तिथल्या मिलब्रो कंपनीने ‘डायना’ याच नावाने एअर रायफली काढल्या. पुढे जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, तेव्हा ब्रिटनमध्ये माल विकताना त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना. म्हणून तिकडे जाणाऱ्या बंदुकांवर ‘ओरिजिनल’ उमटलं. हातातलं धनुष्य टाकून रायफल उंच धरणारी देवी तुम्ही पाहिली असेल ती दुसरीकडे विकायला काढलेल्या २७ वर. सिलिंडरवर मी फक्त तेल आणि अगदी बारीक स्टील वूल फिरवलं. गंज निघाला, खालचा निळसर-काळा रंग राहिला. मागच्या बाजूला ‘०६ ६४’ हे ठसे आहेत, म्हणजे जून १९६४. त्यांच्या कडा आजही नखाला लागतात. घासून काढलं असतं तर आधी हेच आकडे गेले असते.

आता स्प्रिंग. मूळची स्प्रिंग मी काढली नाही, कारण बंदूक माझ्याकडे आली तेव्हा ती आत नव्हतीच. क्लॅम्पमध्ये धरून मागचा ट्रिगरचा ठोकळा सावकाश सैल केला (ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी क्लॅम्पशिवाय हात लावू नये, दाबलेली स्प्रिंग तोंडावर येते) तर आतून जाड तारेची, परक्या मापाची स्प्रिंग निघाली. दोन ठिकाणी तुटलेली, आणि एक टोक ग्राइंडरने तिरकं कापलेलं. कुणीतरी ‘ताकद वाढवायची’ म्हणून ती कोंबली होती. पिस्टनचा चामडी वॉशर काळा पडून कडक झाला होता, नखाने दाबला की भुगा पडायचा. हे साध्या खनिज तेलाचं काम. हवेच्या छिद्रातून तेल सोडलं, की पिस्टन पुढे येताना दाबाने हवा तापते आणि ते तेल डिझेल इंजिनात पेटतं तसं पेटतं. मोठा आवाज होतो, धूर निघतो, आणि माणसाला वाटतं बंदूक जोरात आहे. प्रत्यक्षात वॉशर करपत असतो आणि स्प्रिंग मोडत असते.

मी मूळ मापाची स्प्रिंग घातली आणि वॉशर पुन्हा चामड्याचाच बसवला. सिंथेटिक सील लावायचं तर पिस्टनचं तोंड लेथवर उतरवावं लागलं असतं, आणि उतरवलेलं लोखंड परत येत नाही. चामडं सिलिंडरच्या बारीक ओरखड्यांनाही सांभाळून घेतं. अपग्रेड म्हणून एकच गोष्ट नवी केली. स्प्रिंगच्या आत घट्ट बसून तिला सरळ धरणारा दांडा, म्हणजे गाइड, करवून घेतला, जुना फार सैल होता. त्याने चाप ओढल्यावर येणारी तारेची झणझण गेली. हा गाइड उद्या कुणाला नको असेल तर दहा मिनिटांत निघतो. जुना गाइड, करपलेला वॉशर आणि तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे डब्यात जपून ठेवले आहेत.

‘मग ताकद कमीच झाली ना?’ असंही तुम्ही विचारलंय. झाली, थोडीशी. जाड स्प्रिंगवर साधारण ०.९ ग्रॅमचा ५.५ मिमी छर्रा सरासरी १४६ मीटर प्रति सेकंद जात होता, आता १४० जातो. पण आधी दोन बारांत १२ मीटरपर्यंत फरक पडायचा, आता ३ च्या आत राहतो. स्प्रिंगवाल्या रायफलीचा झटका छर्रा नळीत असतानाच बसतो. पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि तो थांबला की पुढे ढकलली जाते. स्प्रिंग जितकी ताठ, तितकं हे हेलकावणं जास्त. सहा मीटर वेगासाठी नेम गमावणं मला पटत नाही.

ट्रिगरला मी फक्त साफ केलं. तीन पोलादी गोळ्यांवर चालणारी ती रचना इतकी सुरेख आहे, की त्यात सुधारणा करायला जागाच नाही. जोडताना गोळ्या ग्रीसमध्ये चिकटवून ठेवाव्या लागतात, नाहीतर एक निसटते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

आता दस्ता. इथे तुम्ही बरोबर आहात. बीच (beech) झाडाच्या लाकडावर चेपल्याच्या खुणा होत्या आणि मी सरळ पॉलिश पेपर घेतला. खुणा गेल्या, पण सिलिंडर लाकडात बसतो तिथे आता लाकूड लोखंडापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने खाली गेलंय. बोट फिरवलं की पायरी लागते. कारखान्यातून आली तेव्हा तिथे लाकूड जरासं वर होतं. ते आता कशानेही भरून येणार नाही. आज करायचं असतं तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री लावली असती. चेपलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. फक्त तुटलेले येत नाहीत, आणि तेवढे ओरखडे मी तसेच राहू दिले असते. मूळ लेखात मी ‘दस्ता घासून नवा केला’ असं अभिमानाने लिहिलं होतं. ते वाक्य काढून तिथे इस्त्रीची रीत लिहितोय. सोबत एक सूचनाही टाकतोय. दस्त्याला जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

एक विनंती. तुमच्याकडची २७ न घासलेली आहे असं तुम्ही म्हणता. दस्त्याच्या पुढच्या टोकाची रुंदी आणि सिलिंडरच्या कडेला लाकडाची उंची मोजून कळवाल का? १९६४ च्या आसपासची असेल तर ठशांचे आकडेही लिहा. माझ्या दस्त्याचं लाकूड किती गेलं ते मला नेमकं मोजायचं आहे.