डिझेल इंजिनात वरून बाटली ओतू नका, भाऊ

नागपुरात वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांपासून कळमन्यात माल उतरवणाऱ्या गाडीवाल्यांपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. इंजिन ऑइलमध्ये ॲडिटिव्हची, म्हणजे ऑइलचे गुण वाढवायला मिसळायच्या रसायनाची, एक बाटली टाका. ऑइल काळं पडणार नाही, झीज निम्मी होईल, ॲव्हरेज १५-२० टक्के वाढेल, धूर थांबेल, नागपूरच्या उन्हात ऑइल पातळ होणार नाही आणि ते बदलायची मुदत दुप्पट होईल. सोबत टेबलावरच्या मशीनचा व्हिडिओ. हप्त्यावर एकच गाडी चालवणाऱ्याला याचा मोह पडणारच, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी व्हिडिओ. फिरत्या कड्यावर दांड्यानं रोलर दाबतात. साध्या ऑइलमध्ये कर्रकन आवाज येऊन मोटर अडते, रोलरवर चरा पडतो. मग थोडं ॲडिटिव्ह टाकतात आणि कितीही जोर लावला तरी कडं फिरत राहतं. यात हातचलाखी नाही. पण ही चाचणी ग्रीस आणि गिअर ऑइलसाठीची आहे. इंजिनात क्रँकशाफ्ट दाबानं आलेल्या ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. तिथे चालू इंजिनात धातूला धातू जवळजवळ लागतच नाही. कॅम-टॅपेटसारख्या ठिकाणी घासतं खरं, पण त्यासाठीचं झिंकचं संयुग ऑइलच्या डब्यात आधीच असतं. मशीनवर कमाल दाखवणाऱ्या काही बाटल्यांत क्लोरीनयुक्त पॅराफिन असतं. गरम इंजिनात त्याचं आम्ल होतं आणि ते बेअरिंग खातं.

‘ऑइल काळं पडणार नाही’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. डिझेल जळताना काजळी होते आणि त्यातली थोडी ऑइलमध्ये उतरतेच. ती गोळा होऊ न देता बारीक कणांतच तरंगत ठेवणं हे ऑइलचं काम, म्हणून नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. काळं होतंय म्हणजे ते काम करतंय. काळं न होणारं ऑइल काजळी ऑइल-चेंबरच्या तळाशी आणि हेडच्या कोपऱ्यांत बसू देत असेल, तर तिथे गाळ साचतो. शंका असेल तर गरम इंजिन बंद करा, डिपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर सोडा आणि काही तास थांबा. डाग कडेपर्यंत सारखा पसरला तर ऑइलमध्ये जीव आहे. मधोमध काळाकुट्ट ठिपका आणि भोवती नुसतं पिवळट कडं दिसलं तर ते थकलंय, बदलून टाका. गाळ धरणारी, आम्ल मारणारी, फेस रोखणारी अशी ॲडिटिव्ह मिळून डिझेल ऑइलचा साधारण १५ ते २५ टक्के भाग असतो. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या, डब्यावर छापलेल्या सीआय-४ किंवा सीके-४ दर्जासाठी तो सगळा मेळ एकत्र इंजिनावर तपासलेला असतो. वरून काहीही ओतलं की तो मेळ बिघडू शकतो.

झीज निम्मी करण्याचा दावाही जुनाच. अमेरिकेत ‘स्लिक ५०’ नावाचं असंच ॲडिटिव्ह विकणाऱ्यांच्या अशा दाव्यांना पुरावा नाही म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ मध्ये हरकत घेतली, आणि १९९७ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. आपल्याकडे उमरेड-वणीच्या खाणींत फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना झिजवते ती धूळ. एअर फिल्टर आणि टर्बोमधला रबरी होज काढा, आतून बोट फिरवा. भुकटी लागली तर क्लॅम्प सैल आहे, होजला चीर आहे किंवा फिल्टर गळतोय. बाटलीचे पैसे तिथे घाला.

ॲव्हरेजचं म्हणाल तर जाड ऑइल सोडून योग्य ते हलकं ऑइल वापरलं तरी फरक एक-दोन टक्क्यांच्या घरातच राहतो. समृद्धीवर गाडी ८० वरून १०० ला नेली तर हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. डिझेल जातं ते तिथे.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, कबूल. पण चालत्या गाडीतलं ऑइल चिखलदऱ्यातही ९० ते ११० अंशांच्या आसपासच असतं, कारण इंजिन किती तापू द्यायचं हे थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. ऑइलच्या डब्यावरच्या ‘१५डब्ल्यू-४०’ मधला ४० हा १०० अंशांवरचाच जाडपणा सांगतो. उन्हाळ्यात इंजिन उकळतं ते रेडिएटरच्या जाळीत बसलेल्या धुळीनं, ढिल्या बेल्टनं आणि कूलंटऐवजी भरलेल्या बोअरच्या पाण्यानं.

धूर निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय. ऑइल घट्ट करणारी बाटली ओतली की तो थोडे दिवस दबतो, हे खरं. जुनी गाडी विकणारे काही जण याचाच फायदा घेतात. रिंग आणि लायनर मात्र झिजलेलेच राहतात, आणि सकाळी स्टार्ट करताना ते घट्ट ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. काळा धूर असेल तर इंजेक्टर आणि एअर फिल्टर बघा. इंजेक्टर साफ करणाऱ्या चांगल्या औषधाचा थोडा उपयोग होतो, पण ते डिझेलच्या टाकीत टाकायचं असतं.

मुदत दुप्पट करायची तर ऑइलमधली काजळी आणि उतरलेलं डिझेल बाहेर काढावं लागेल, आणि ते कुठलीच बाटली करत नाही.

गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ असेल तर आणखी एक धोका आहे. सायलेन्सरच्या लाइनीत बसवलेल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख तिथेच अडकते. म्हणून सीके-४ ऑइलमध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे ऑइल जळून उरणारी ही राख, १ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. दुकानदाराला बाटलीवर हा आकडा दाखवायला सांगा. नसेल तर ती त्याच्या फळीवरच राहू द्या.