मंगळवारचा उपवास आणि मोठ्या क्लबाची पोरं

इंग्लंडात घर केलं की पाहुणा येतो, आणि पाहुणा आला की त्याला फुटबॉलच्या प्रीमियर लीगची मॅच हवी असते. लंडन ब्रिज, राजाचा वाडा वगैरे तो एका दुपारीत उरकतो. त्यात आमचे साडू कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. तिथं तालमींचेच फुटबॉल संघ, त्यामुळे सोयरीक जुळवताना पत्रिका नंतर, आधी तालीम कुठली ते विचारतात. विमानतळावर बॅग माझ्या हातात देतानाच ते म्हणाले, "साडूभाऊ, मॅचचं काय केलंय?"

मॅचचं मी एवढंच केलं होतं की तिकिटांचे भाव बघून लॅपटॉप मिटला होता. मग मला ईएफएल ट्रॉफी आठवली.

हा इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या-चौथ्या थरातल्या, म्हणजे लीग वन आणि लीग टूच्या ४८ क्लबांचा कप. १९८३-८४ पासूनचा. प्रायोजक बदलला की नाव बदलतं. गाड्यांच्या काचा, भिंतींचा रंग, व्हॅन, पिझ्झा, सगळ्यांच्या नावानं तो खेळून झालाय. २०१६ मध्ये त्यात बड्या क्लबांच्या अकादमीचे १६ संघ आणून बसवले. पोरं एकवीस वर्षांखालची. आर्सेनल, लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब पहिल्या वर्षी 'नको' म्हणाले होते, पण पंगतीत जागा रिकामी आहे म्हटल्यावर बाकीचे आलेच. चार संघांचा गट, त्यातला एक अकादमीचा. आमच्या गावचा क्लब लीग टूमधला, आणि यंदा त्याच्या गटात एक नामांकित क्लब आला. नाव सांगत नाही, साडू अजून दुखावलेले आहेत. "त्यांची टीम आपल्या गावात येतेय," एवढंच मी म्हणालो. वयाचा विषय त्यांनी काढला नाही, मग मी तरी कशाला काढू?

निघताना शेजारचे आजोबा फाटकात भेटले. क्लबाची एकही घरची मॅच न चुकवणारा हा माणूस या कपाला मात्र पाऊल टाकत नाही. बहिष्कार! मोठे क्लब उद्या आपली 'ब' टीम लीगमध्येच घुसवणार, ही त्याची पायरी आहे, असं त्यांचं म्हणणं. कडाक्याच्या थंडीत त्यांनी आम्हाला सगळा इतिहास ऐकवला. पोरांना संधी मिळावी म्हणून हा खटाटोप, आणि २०१६ मध्ये ल्यूटन क्लबानं स्वतःची पोरं खेळवली तर 'कमजोर संघ उतरवला' म्हणून १५,००० पौंड दंड. पोर्टस्मथलाही तेवढाच. पहिल्या अकरात नेहमीचे अमुक इतके खेळाडू हवेतच असा नियम होता. ब्रॅडफर्डनं त्यावर तोड काढली. नेहमीचा गोलकीपर कॉलिन डॉयल उतरवला आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर बोलावला. नियम पाळला, मॅचही सुरू.

"हे बेस केलं," साडू खूश. "पण 'ब' टीमचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आमच्याकडं पाटाकडील तालमीची अ टीम असते, ब पण असते."

मी भाषांतर केलं. आजोबांनी विचारलं, "दोन्ही त्याच गल्लीतल्या ना?"

"व्हय."

"मग चालतं," असं म्हणून आजोबांनी फाटक लावलं. पोर्टस्मथनं २०१९ मध्ये हाच कप जिंकला आणि लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या त्या फायनलला ८५,०२१ लोक होते, असं मी मागून ओरडलो. "वेम्बलीची गोष्ट वेगळी," आतून आवाज आला.

मैदानावर एकच स्टँड उघडा होता. दुसऱ्या बाजूला बॉल गेला की पिवळ्या जॅकेटातला एक काका रिकाम्या पायऱ्या मोजत चढायचा, खुर्च्यांखाली वाकून शोधायचा आणि धापा टाकत बॉल खाली फेकायचा. तेवढ्या वेळात दोन्ही कोचांचं बोलणं नीट ऐकू यायचं. साडूंच्या इंग्रजीत त्यामुळे बरीच भर पडली.

दहाव्या मिनिटाला त्यांचा चेहरा बदलला. "साडूभाऊ, हे लेफ्टला पळतंय ते बॉलबॉय न्हवं?"

"विंगर आहे."

"मिसरूड फुटंना अजून! आणि मोठी माणसं कुठं हाईत?"

"येतील," मी म्हणालो. कधी, ते बोललो नाही.

मध्यंतरात पोटाचा प्रश्न आला. या मॅचेस बहुधा मंगळवारी, आणि साडूंचा मंगळवारचा उपवास. खिडकीवर मटणाचे पाय, म्हणजे ते इंग्रजीतले, कणकेचे, आणि बोव्हरिल. कपातला रंग बघून त्यांनी "कडक चहा दिसतोय" म्हणत हात पुढे केला. तो बीफचा काढा आहे हे सांगेपर्यंत कप ओठांपाशी पोहोचला होता. मग त्यांनी तो नुसताच हात शेकायला धरला. शेवटी बटाटा चालतो म्हणून चिप्स घेतल्या. त्यावरचं व्हिनेगर चालतं का, हे सासूबाईंना विचारावं म्हटलं, तर तिकडे रात्रीचा एक वाजून गेलेला.

पोरं खेळली मात्र झकास. पासमागून पास, जणू बॉल पायाला शिवलाय. आमच्या दाढीवाल्या सेंटरबॅकनं मग खांद्यानं एकेकाची विचारपूस सुरू केली. प्रत्येक धडकेला स्टँडमधून कुणाची तरी आई किंचाळायची. एक-एक अशी बरोबरी झाली आणि लगेच पेनल्टी. इथं गटातही बरोबरी ठेवत नाहीत. जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला एक. साडू तोवर खुर्चीवर उभे राहून पोरांच्या बाजूनं ओरडत होते. माझ्या गावच्या क्लबाविरुद्ध, माझ्या पैशानं! पोरं जिंकली.

त्यांनी लगेच सेल्फी काढून पेठेच्या ग्रुपवर टाकला. तिकडे रात्रीचे अडीच, पण फुटबॉल म्हटल्यावर पेठ जागीच. पहिलाच प्रश्न आला, "मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या कशा?"

गारठलेल्या बोटानं साडूंनी टाइप केलं, "साडूनं आख्खं स्टेडियम बुक केलंय."