‘डिफेक्टिव्ह रायफल गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: मुलीसाठी घेतलेली नवी मॅच (स्पर्धेची) एअर रायफल पहिल्या दिवशी रेंजवर तुम्ही स्वतः चालवून पाहिली, तेव्हा १० पेलेट (छर्रे) टार्गेटवर ५ च्या रिंगपासून ९ पर्यंत पसरले. ट्रिगर हात लावताच सुटतो. संध्याकाळी २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला सिलिंडर सकाळी १८५ वर दिसला. एवढे पैसे मोजून दर वेळी एकेक पेलेट हातानं घालावा लागतो. आणि आमच्या काउंटरवरच्या मुलानं ट्रिगरच्या स्क्रूला हात लावू दिला नाही. असे प्रश्न नवी रायफल घेणाऱ्या बऱ्याच पालकांना पडतात, म्हणून उत्तर जरा लांबलं आहे.

आधी ग्रुपचं, म्हणजे पेलेट किती पसरले त्याचं. रायफल मुलीच्या मापावर बसवलेली होती. बटची (मागच्या दांड्याची) लांबी, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची उंची, गाल टेकायचा चीकपीस, सगळं तिच्या खांद्याला आणि गालाला धरून. तीच रायफल मोठ्या माणसानं खांद्याला लावली की मान वाकडी होते, गाल चीकपीसवर नीट टेकत नाही आणि डोळा पीप साइटच्या (मागच्या बारीक भोकाच्या) मधोमध येत नाही. समोर काळा गोल रिंगमध्ये दिसतो खरा, पण प्रत्येक शॉटला डोळ्याची जागा थोडी वेगळी असते. त्यात डोकं सरळ ठेवण्यासाठी माणूस नकळत रायफलच तिरकी करतो. पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगानं जातो, म्हणजे १० मीटरवर पोचेपर्यंत तो सुमारे १७ मिलिमीटर खाली पडलेला असतो. साइट ही घसरण भरून काढते, पण रायफल सरळ असेल तरच. १० अंश तिरकी झाली की शॉट त्या बाजूला जवळपास ३ मिलिमीटर सरकतो. या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिलिमीटर आहे. म्हणजे एक पूर्ण रिंग नुसत्या तिरकेपणात गेली. बाकीची पांगापांग नेमबाजीच्या जॅकेटशिवाय उभ्यानं मारताना होणाऱ्या हेलकाव्याची. पहिल्यांदा मॅच रायफल धरणाऱ्याचे सगळे शॉट काळ्यात आले तर आम्ही त्याला वाईट म्हणत नाही.

रायफल बरी की वाईट हे खांद्यावर ठेवून कळत नाही, ती शिकंजात किंवा निदान सँडबॅगवर ठेवूनच बघावी लागते. बॉक्समध्ये कारखान्याचं टेस्ट कार्ड आहे, ते बहुतेक तुम्ही पाहिलं नसावं. त्यावरचा ५ शॉटांचा ग्रुप रायफल जखडून मारलेला असतो आणि एकाच भोकासारखा दिसतो. बरं, दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट ४.५ चा. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी १० मिळतात. म्हणून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ९.५ मिलिमीटरच्या आत बसणारा ग्रुप मध्यावर आणला तर सगळे दहाच.

नव्या रायफलीच्या बॅरलमध्ये गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ थर लावून येतो. तो काढल्याशिवाय मारलेले पहिले २०-३० शॉट कुठेही जातात. फेल्टचे दोन-तीन कोरडे पेलेट एकामागून एक मारायचे, ते स्वच्छ निघेपर्यंत. रॉड घालून तारेचा ब्रश फिरवू नका, त्यानं बॅरलच्या तोंडाची कड खराब होते आणि ती पुन्हा नीट होत नाही. मग साइटचे क्लॅम्प स्क्रू आणि स्टॉकचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. अचानक एकाच दिशेला सरकलेल्या ग्रुपमागे बऱ्याचदा सैल साइट असते. ती सैल असताना नेम सरकवायचे क्लिक फिरवत बसणं म्हणजे वेळ आणि पेलेट दोन्ही वाया.

पेलेटबद्दल थोडं कडक लिहितो. तुम्ही सोबत आणलेला डबा टोकदार पेलेटचा होता. १० मीटरला सपाट डोक्याचा लागतो, तोच कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो. साधारण ०.५३ ग्रॅमचा घ्या. डोक्याचं माप डब्यावर छापलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. कुठलं माप कुठल्या बॅरलला मानवेल हे आधी सांगता येत नाही, आणि तोच ब्रँड, तेच माप असूनही बॅच बदलली की ग्रुप बदलतो. म्हणून तीन-चार बॅचचे प्रत्येकी १० शॉट जखडलेल्या रायफलीतून मारायचे आणि सर्वांत लहान ग्रुपच्या बॅचचे डबे एकदम घेऊन ठेवायचे. स्कर्ट (मागचा पोकळ घेर) चेपलेला पेलेट बाजूला टाका.

ट्रिगर सुटतो तो दोष म्हणून नाही. तुमचा हात स्प्रिंग रायफलीच्या किलो-दीड किलोच्या ट्रिगरला सरावलेला दिसतो, हा एकूण १०० ग्रॅमच्या आसपास लावलेला आहे. तो दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा घेऊन बोट ‘भिंती’ला टेकतं, म्हणजे ट्रिगर अडल्यासारखा जाणवतो, तिथे थांबायचं, मग दुसरा. भिंत जाणवतच नसेल तर बोट पहिला टप्पा एका दमात ओलांडतंय. ड्राय फायरवर (शॉट न सोडता ट्रिगर दाबायची सोय) टाकून, पेलेट न घालता, रोज १५-२० मिनिटं फक्त ती भिंत शोधायचा सराव करा. नव्या मुलांसाठी पहिला टप्पा जड आणि दुसरा हलका ठेवणं आम्हाला बरं वाटतं. तसं लावून देऊ.

स्क्रूला हात लावू दिला नाही, ते बरोबरच केलं. ट्रिगरच्या वजनाचा स्क्रू वेगळा आणि पकडीचा (आतला खटका किती अडकून राहतो त्याचा) वेगळा, दोन्ही एकमेकांशेजारी. पकडीचा जास्त फिरला तर रायफल बोल्ट बंद करतानाच सुटते किंवा कॉकच (शॉटसाठी सज्जच) होत नाही. फिरवायचाच तर एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर रिकामी रायफल कॉक करून, तोंड टार्गेटकडे ठेवून, बटवर तळहातानं थाप मारून बघायची. सुटली तर तिथेच थांबायचं. गर्दीच्या लेनवर हे करायला आम्ही कुणालाच परवानगी देत नाही.

आता हवा. २०० चे १८५ होणं म्हणजे गळती नव्हे. हवा घाईनं भरली की तापते. आजूबाजूपेक्षा २५ अंशांनी तापली असेल तर थंड झाल्यावर २०० चे साधारण १८५ राहतात, नेमका तुमचाच आकडा. सिलिंडर हळू भरा, तासभर थांबा, मग गेज बघा आणि कमी असेल तर वरचं भरा. २०० च्या वर कधीही नाही. शंका असेल तर थंड झालेला सिलिंडर रायफलवरून काढून रात्रभर ठेवा, गेज त्याच्यावरच आहे. काढताना फुस्स आवाज येतो तो रेग्युलेटरमध्ये (दाब सांभाळणाऱ्या भागात) अडकलेल्या हवेचा. सुटा सिलिंडर टिकला पण लावल्यावर उतरला, तर रायफलीची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बघावी लागेल. सुटाही उतरला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह. जोडणीच्या आट्यांना तेल-ग्रीस अजिबात नको, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर छापलेली तारीखही बघून ठेवा: १० वर्षं उलटली की स्पर्धेत चालत नाही.

राहिला एकेक पेलेट घालण्याचा मुद्दा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार १० मीटरला प्रत्येक शॉटआधी हातानं भरायची सिंगल शॉट रायफलच चालते. मॅगझीनवाली पीसीपी (आधी भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) स्वस्त मिळते, पण ती घेऊन मुलगी जिल्हा स्पर्धेत उभी राहिली तर इक्विपमेंट कंट्रोलवरच (स्पर्धेआधीच्या सामान तपासणीतच) अडेल. ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, भरायला लागणाऱ्या चार सेकंदांनी काही बिघडत नाही. आणि खटाखट सुटणारी २२ बोअरची सेमी-ऑटोमॅटिक मनात असेल तर तो परवान्याचा विषय आहे. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, तुमची ७-८ ज्यूलची आहे.

उघडलेली रायफल आम्ही परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे. पण तपासणी मोफत आहे. तुमच्यासमोर शिकंजात लावून तीन बॅचचे १०-१० शॉट मारू. एकाही बॅचचा ग्रुप बाहेरून बाहेर ८ मिलिमीटरच्या आत आला नाही, तर रायफल आमच्या खर्चानं वॉरंटीत जाईल आणि ती परत येईपर्यंत मुलीला क्लबची रायफल मिळेल. येताना टेस्ट कार्ड, रात्रभर सुटा ठेवलेला सिलिंडर आणि मुलीचं जॅकेट घेऊन या. तिलाही आणा, कारण ती जॅकेट घालून उभी राहिल्याशिवाय चीकपीस पुन्हा लावता येणार नाही. सकाळी ११ नंतर लेन मोकळ्या असतात.