कर्नल कंपाइल करण्याविषयी फिरणाऱ्या संदेशातील तीन चुका

‘जुन्या लॅपटॉपवर नवा लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करा, वेग दुप्पट होईल, मेक आणि मेक इन्स्टॉल हे दोनच आदेश पुरेत, मात्र मध्येच वीज गेली तर सगळे पहिल्यापासून करावे लागेल,’ असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्यावर विसंबून कोणाचे यंत्र अडून बसू नये, म्हणून हे लिहीत आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि कंपाइल करणे म्हणजे त्याच्या सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, यंत्राला चालवता येईल असे रूप तयार करणे.

वेगाचा दावा निराधार आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या कर्नलमधील बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरजेनुसार जोडता येणाऱ्या सुट्या फाइलींत, वेगळे ठेवलेले असतात आणि ज्याचे उपकरण सापडेल तोच ड्रायव्हर मेमरीत चढतो. बाकीचे डिस्कवर नुसते पडून असतात, त्यामुळे ते यंत्राला संथ करत नाहीत. नव्या कर्नलमुळे एखादे नवे वाय-फाय कार्ड चालू लागेल, पण जुन्या हार्ड डिस्कचा संथपणा त्याने जाणार नाही.

दोन आदेशांचा सल्ला तर घातकच आहे, कारण त्यात मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल (make modules_install) ही पायरीच गाळली आहे. मेक केल्यावर तयार झालेली मॉड्यूल्स सोर्सच्याच फोल्डरमध्ये राहतात. मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉलने ती /lib/modules मध्ये, नव्या कर्नलच्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातात. त्यानंतरच मेक इन्स्टॉल करावे, कारण उबुंटूत त्याच वेळी तयार होणाऱ्या इनिटरॅमएफएस फाइलमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी लागणाऱ्या गोष्टींच्या गाठोड्यात, मॉड्यूल्स तिथूनच घेतली जातात. ती तिथे नसतील आणि डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल असेल, तर रूट विभाजन (डिस्कचा ज्या भागात प्रणाली असते तो) न सापडून यंत्र सुरू होतानाच थांबते. ड्रायव्हर कर्नलमध्येच असेल तर डेस्कटॉप दिसेलही, पण वाय-फाय आणि आवाज बंद. अशा वेळी फॉरमॅट करण्याचे काहीच कारण नाही. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या मेनूच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडावा आणि राहिलेली पायरी पूर्ण करून मेक इन्स्टॉल पुन्हा चालवावे. म्हणूनच नवा कर्नल नीट चालतो याची खात्री होईपर्यंत जुना काढू नये.

आता विजेचे. कोकणातल्या पावसाळ्यात ही भीती स्वाभाविक आहे, पण मेक प्रत्येक फाइलची वेळ आणि आदेश तपासते आणि जे तयार आहे ते पुन्हा कंपाइल करत नाही, त्यामुळे वीज आल्यावर तोच आदेश दिला की काम पुढे चालू होते. ऐन लिहिताना वीज गेल्यामुळे क्वचित एखादी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार झालेला तुकडा) रिकामी राहते आणि हे तुकडे शेवटी एकत्र जोडताना त्रुटी दिसते. तेव्हा त्रुटीत नाव आलेली तेवढी फाइल पुसून मेक पुन्हा चालवावे.