ते तीन कॉर्डचं चित्र ‘स्निफिन ग्लू’मधलं नाही

‘ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी. आता बँड काढा,’ असं सांगणारं, गिटारच्या कॉर्डचं (एकत्र वाजवलेल्या सुरांचं) हाताने काढलेलं चित्र मार्क पेरीच्या ‘स्निफिन ग्लू’ या पंक रॉकच्या नियतकालिकातलं म्हणून सर्रास फिरतं. ते छापून आलं १९७६-७७ च्या हिवाळ्यात, ‘साइडबर्न्स’च्या पहिल्या अंकात, काढलं टोनी मूनने. गंमत म्हणजे ‘साइडबर्न्स’ हे स्ट्रँगलर्सच्या चाहत्यांचं नियतकालिक, आणि त्या बँडमध्ये डेव्ह ग्रीनफिल्ड की-बोर्डवर सुरांची चांगलीच नक्षी काढायचा!

त्याच चित्रावरून ‘पंक म्हणजे ए, ई, जी वाजवलं की झालं’ असाही समज पसरलाय. ए सोपी आहे: गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) चौथी, तिसरी, दुसरी तार दाबा. पण अँपचं डिस्टॉर्शन (आवाजाची खरखर) वाढवलं की अशा मोकळ्या तारांच्या कॉर्ड गढूळ होतात, न दाबलेल्या तारा घुमत राहतात. रमोन्स या पंक बँडचा गिटारवादक जॉनी रमोन बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरलेली कॉर्ड) धरायचा. सगळ्या तारा बोटांखाली, त्यामुळे पकड सैल केली की आवाज तिथेच तुटतो. वर स्ट्रोक फक्त खालच्या दिशेने. त्या वेगात मनगट आखडतं, आणि एक वर एक खाली मारत सुटलात तर तो ठोसा जातोच.